बदरोद्दीन मास्तरांची सहा माणसं

"ज्याचा श्वास, त्याचाच सूर," असं जाफराबादचे बदरोद्दीन मास्तर उठता-बसता म्हणायचे. लग्नाच्या बँडमध्ये त्यांच्यासारखं क्लॅरनेट वाजवणारा तालुक्यात दुसरा नव्हता.

जालन्याच्या भंगारात त्यांना ग्रामोफोनची एक तबकडी सापडली होती. ती अमेरिकेतल्या जॅझची आहे, हे लेक महजबीननं मोबाइलवर शोधून सांगितलं. सहाच वाजवणारे. आधी ट्रम्पेट हळूच बोलायचं, घरात कुणी निजलंय असं. मग एक सॅक्सोफोन तावातावानं भांडायचा, दुसरा त्याची मजा घ्यायचा. पियानो दोन शब्द टाकून गप्प. ज्याची पाळी, त्याच्या पाठीशी बाकीचे उभे.

"यातला एक काढला तर कळंल का?" मास्तर विचारायचे.

"बिलकुल कळंल," त्यांच्याकडंच ट्रम्पेट शिकलेला राजानंद म्हणायचा.

"मंग आपल्यातले पंधरा काढले तर?"

यावर राजानंद हसायचा. रांग भरलेली दिसावी म्हणून बँडचे मालक अप्पाराव पंधरा माणसांना नुसताच कोट घालत. ती वाद्यं तोंडाला लावून गाल फुगवत, एवढंच.

यंदा हसनाबादला वरात मारुतीपुढं थांबली. नवरदेव दर्शनाला आत गेला, तसा मास्तरांनी हात वर केला. "ज्याला येत न्हाई, त्यानं वाद्य खाली ठेवा."

पंधरा वाद्यं देवळाच्या ओट्यावर गेली. मास्तर धरून सहा जण उरले. मास्तर एकेकाला पुढं बोलवून एकट्यालाच वाजवायला लावू लागले. बारा वर्षं मागच्या रांगेत घुमणारा वसंताचा युफोनियम, तो जाड आवाजाचा पितळी भोंगा, गावानं पहिल्यांदाच सुटा ऐकला. नाचणाऱ्या पोरी थांबून ऐकू लागल्या. शेवटी राजानंद राहिला. त्यानं एकट्यानं जन्मात वाजवलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पाराव धावत आले. "मास्तर, रांग मोडली का? पाव्हण्यांना एकवीसचा शब्द दिलाय मी!"

"एकवीस दिसायचा दिला, मालक. वाजवायचा दिला का?"

"शहाणपण शिकवू नका. जल्दी रांग लावा, न्हाई तर कोट काढा अन् चालू लागा."

"काढतो. आधी या पोराचं होऊ द्या."

"यानं एकट्यानं फुंकलं, तर याचाबी कोट उतरवीन!"

राजानंदनं ओठांवरून जीभ फिरवली. त्यानं ट्रम्पेट उचललं. पहिला सूर फाटला. कुणीतरी हसलं. दुसरा सरळ गेला, पार कळसापर्यंत, अन् पाठीमागून वसंतानं त्याला आधार दिला.

शेवटचा सूर विरेपर्यंत मास्तर हलले नाहीत. मग कोट काढून त्यांनी मालकांच्या हातात दिला. "कोट तुमचा. क्लॅरनेट माझं."

नुसत्या बनियनवर, क्लॅरनेट काखेत मारून, ते भोकरदनच्या रस्त्याला लागले. दारात नवरदेव बघत राहिला, ओट्यापाशी उभे पंधरा जण बघत राहिले, अन् राजानंद बघता बघता आपल्या कोटाची बटणं सोडू लागला.