बाभळीवरचा काडीकचरा

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायको होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय — काहून ते विचारू नका, माझं मलाच नीट कळत नाही.

कयाधूच्या काठचं आमचं गाव. तेव्हा जिल्हा परभणी, तहसीलच्या कामाला हिंगोली. गावाच्या उताराला, नदीच्या अंगाला बौद्धांची वीसेक घरं आणि त्यांच्याही खाली एक जुनी बाभूळ. माझं शेत वर, माळावर. बाभळीपासून माळापर्यंत म्हणाल तर एक बिडी ओढून होईल, एवढंच अंतर. सगळं त्या अंतरातच घडलंय.

बहात्तरचा, सुकडीचा दुष्काळ सरला, आणि पुढच्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला. दिवसाउजेडी आला, माणसं वर पळाली, म्हणून जीव वाचले. गयाबाईच्या उंबऱ्याला पाणी लागलं. गयाबाई आमच्या शेतात निंदायला यायची. नवरा नव्हता, लेक मजुरीला परमुलखात, घरी ती आणि सून सुमन. पूर ओसरला तरी बाभळीच्या वरच्या फांदीला तुराट्या, गवत, कुणाच्या तरी लुगड्याची चिंधी तशीच लोंबत राहिली.

दिवाळीनंतर सरकारचा कागद आला. पुराचं पाणी जिथवर येतं तिथवर रेघ आखायची, दगड रोवायचे. दगडाच्या आत ज्यांची घरं, त्यांना सरकार वर जागा देणार, डोक्यावर पत्रे देणार. काम चांगलं होतं, त्यात खोट नव्हती. पण जागा कोणती? तलाठ्यानं नकाशा पसरला आणि बोट ठेवलं — माझा माळ.

त्या माळावर मी दुष्काळात विहीर खणली होती, स्वतःच्या हातानं. पाणी लागलं त्या दिवशी मी रडलो होतो. त्या विहिरीपायी मी तसा वागलो, असं मी इतकी वर्षं मनाला सांगत आलो.

काय केलं? साहेब लोक पुराची उंची झाडावरच्या कचऱ्यावरून धरतात, हे तलाठ्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं. ते यायचे त्या सकाळी मी आकडीची काठी घेऊन बाभळीकडं गेलो. वरच्या फांदीचा सगळा कचरा ओढून काढला, चिंधीसकट. आणि त्यातला थोडा खालच्या फांदीला नीट अडकवून ठेवला. हातात काटे मोडले. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, शेळ्यांना पाला पाडतोय. कुणी विचारलंच नाही.

साहेबानं दुर्बीण लावली, पट्टी धरली, खालची फांदी बघितली. तेवढ्यात गयाबाई पुढं आली. "साहेब, पाणी माझ्या उंबऱ्याला लागलं व्हतं. म्या ह्या डोळ्यानं पाह्यलं." साहेब माणूस चांगला होता, त्यानं मलाही विचारलं. आणि मी हसलो. हसलो हो. म्हणालो, "म्हातारी भेदरली व्हती साहेब. पाणी त्या फांदीच्या वर न्हाई आलं."

गयाबाईनं बाभळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आता ही मला पकडणार, असं वाटलं. पण ती म्हणाली, "मालक म्हणतेत तर तसंच आसंल." दगड तिच्या घराच्या खाली रोवला गेला. एकही घर आत आलं नाही.

विहीर, विहीर म्हणतोय मी. पण विहीर जाणारच नव्हती — तलाठ्यानं साफ सांगितलं होतं, विहीर आणि भोवतालचं रान तुमचंच राहील. मग काहून? तर त्यांची घरं माझ्या विहिरीला लागून येतील, त्यांच्या बायका घागरी घेऊन तिथं उतरतील, हे मला खपत नव्हतं. एवढंच होतं ते. आजवर मी हे स्वतःशीही उच्चारलेलं नाही.

दोन पावसाळे सरळ गेले. तिसऱ्याला भर दुपारी नदी चढली. आजूबाजूची माणसं लेकरं काखेत मारून वर निघाली, गयाबाईला हाका मारत होती. ती निघाली नाही, आणि तिला सोडून सुमनही नाही. नंतर लोकांनी सांगितलं, ती म्हणत होती, "सरकारी दगड खाली हाय. पाणी त्याच्या वर येत न्हाई." दगड पाण्याखाली गेलेला मला माळावरून दिसला. धावत सुटलो. पोचेस्तोवर भिजलेली भिंत बसली होती. गयाबाईला आम्ही ओढून काढलं. सुमन भिंतीखाली होती. तिचा हात तेवढा दिसत होता, हिरव्या बांगड्यांचा.

पंचनाम्याला दुसरा साहेब आला. त्यानं गयाबाईला विचारलं, मागल्या पुरात पाणी कुठवर होतं? आता तरी ती बोलेल म्हणून मी मान खाली घालून उभा. ती म्हणाली, "खालीच व्हतं साहेब. मलाच भास झाल्ता. मालकांनी बराबर सांगितलं व्हतं." मी तिथं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

पुढं सरकारनं त्या सगळ्यांना गायरानात जागा दिली, गावाच्या पलीकडं. माझा माळ माझ्याकडंच राहिला. गयाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. तिचं घर आता उंचावर होतं, पाण्याचं भय नव्हतं. तरी नदी गढूळ होऊन फुगली की ती काठी टेकत माझ्या बांधावर यायची. "मालक, पाणी कुठवर आलंय? माझ्या डोळ्याचं काई खरं न्हाई." नदी समोर दिसत असायची, तिला आणि मला सारखीच. आणि मी सांगायचो — खालीच आहे गयाबाई, जा घरी. ती जायची.

डोळे चांगले होते तिचे. शेवटच्या सालापर्यंत सुईत दोरा ती स्वतः ओवायची. मी बघितलंय.