नाव घेतलं म्हून

थोरल्या जाऊबाईंना, आन् चुलीपाशी बसून माझ्यावर बोलणाऱ्या समद्यांना,

निघायच्या दिवशी गाडीवानानं बैल जुपले तरी सासूबाई गाडीचं चाक सोडंनात. "त्या मुलखात जिभंला आवर घाल. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं," असं त्या तीन-चारदा बोलल्या. तुमी मागं उभ्या राहून मान हलवत होत्या. माझी तान्ही यमुना मांडीवर, हे पुढं बसलेले. माझ्या बापाचा तर जावयावरच भरवसा न्हवता. "हितं काय कमी व्हतं? कावून नेतोय हिला समिंदरापल्याड?" असं तो गाडीवानालाच इचारत व्हता. खरं सांगायचं तर माझ्याबी मनात तेच व्हतं.

जामखेडच्या वाटंला मोगलाई सरली. करोडगिरीच्या जकात-नाक्यावर शिपायानं माझं गाठोडं उपसलं, लुगडी झटकली, लेकराच्या दुपट्यातसुदिक हात घातला. मला वाटलं, निजामाच्या राज्यातून सुटलो की झडती सुटली. कशाची सुटती!

हे मागं गोऱ्यांच्या लढाईत पलटणीच्या घोड्यांसंगं डर्बनला गेलते, मंग यमुना व्हायच्या आधी गावाकडं येस्तवर तिथंच राहिले. म्हून त्यांच्यापाशी पास व्हता. तिथल्या धक्क्याला बोट लागली तसं त्यांना उतरवून घेतलं आन् मला लेकरासंगं लाकडी शेडमधी बसवलं. आपल्याकडचं माणूस आलं की आधी ते लबाड धरायचं, असा त्या गोऱ्या सरकारचा कायदाच व्हता. नवऱ्याच्या पासावर बायकोला उतरू देत, पण ती खरी बायको हाय असं सायबाला पटलं तर. न पटलं तर आलेल्या बोटीनंच माघारी.

त्यानं लग्नाचा कागद मागितला. आता आपल्यात लग्नाला कागद कसला? अक्षता पडल्या, ताशा वाजला, गाव जेवलं, झालं लगीन! सायेब म्हणाला, असं कुनीबी सांगंल.

बाजूला एक दुभाषा व्हता, हिंदुस्थानी बोलणारा. निजामाची रयत आपण, मला त्याचं समदं कळत व्हतं. तरी मी अर्धंच कळतंय असं दाखवलं. अनोळख्या माणसापुढं शहाणपण उघडं करू नये. घराचं दार कुठल्या तोंडाला, हिरीला पायऱ्या हायेत का, दीर किती, असलं काय काय इचारलं. मी पटापट सांगत गेले. मंग म्हणाला, "मर्द का नाम?"

मी यमुनेचं दुपटं सारखं केलं.

पुन्यांदा इचारलं. मी भुईकडं बघितलं. दुभाष्यानं सायबाला सांगितलं असावं, ह्यांच्या बाया नाव घेत न्हाईत म्हून. सायेब हसला. दुभाषा माझ्याकडं वळून म्हणाला, "साहब बोलते हैं, झूठी औरत भी यहीच बोलती." अरे मेल्या, नाव त्यांच्या पासावर लिवलंय, ते तुझ्या हातात हाय, मंग मला कशाला छळतोस?

यमुना पाण्यासाठी रडत व्हती. मला सुचलं, उखाण्यात घ्यावं. उखाण्यात घेतल्यालं चालतं, चारचौघांत घेतोच की. पदर पुढं ओढला आन् लग्नातला म्हटला:

"जवारीच्या कणसाला मोत्यावानी दाणे,
धन्याचं नाव घेते, ऐका हो शहाणे."

तुमच्या भीतीनं हितं 'धनी' लिवलं. तिथं नाव घेतलं व्हतं. दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं तसं सायबाचं तोंडच फिरलं. पाठ करून आलीय म्हणं ही! कुनीतरी जुळवून शिकवून धाडलीय! घ्या! खऱ्याचं खोटं झालं. शिपायानं माझं गाठोडं उचललं आन् बोटीकडं चालू लागला.

जाऊबाई, रडू न्हाई आलं, संताप आला. मी उठले, पदर मागं टाकला आन् नाव घेतलं. नुसतं नाव, मागं राव न्हाई का पुढं यमक न्हाई. वावरात हाळी घालतेत तसं, पोटातनं.

फळ्यांच्या भिंतीपल्याडनं ह्यांनी "ओ!" दिली.

सायेब थबकला. दुभाषा हसला. मंग सायबानं काहीतरी लिवलं आन् दार उघडलं.

आमच्यासंगं बोटीतनं आलेल्या नगरच्या एका माणसानं माघारी जाऊन ही गोष्ट तिखटमीठ लावून गावात सांगितली. पुढं कितीतरी वर्सं आमी दोघं मार्केटात भाजी विकायचो. गर्दीत हे दिसंनासे झाले की मी हाक मारायची, हे कुठूनबी ओ द्यायचे. पैल्यांदा लाज वाटली, मंग गोडी लागली. हे तापानं गेले तवा तुमचा निरोप आला, नाव घेऊन नवरा खाल्ला म्हून. खोटं कशाला बोलू, ताप चढला त्या दिशी माझ्याबी मनात पाल चुकचुकली व्हती. पण त्याच तापानं शेजारची तरणीताठी पोरंबी गेली. त्यांचं नाव कुठल्या बायकूनं घेतलं व्हतं?

आता तुमी म्हणता, माघारी ये, कपिलधारला जाऊन प्रायश्चित्त घे, पुन्यांदा नाव काढणार न्हाई अशी शपथ घे, मंग घरात घेऊ. सायेब म्हणत व्हता, नाव घे, न्हाईतर तू त्याची बायको न्हाईस. तुमी म्हणता, नाव घेतलंस म्हून तू त्याची बायको न्हाईस. तुमच्यात आन् त्याच्यात फरक काय वो? हितून एकदा निघाले तर हे सरकार मला परत उतरू देणार न्हाई, आन् यमुनेचा संसार हितंच हाय.

मला गावाची सय येती. लई येती. वावरातल्या हुरड्याचा वास कधीमधी हितंबी आल्यागत वाटतो. पण मी येत न्हाई. त्या घरात मला ह्यांचं नाव गिळून जगावं लागंल, ते माझ्यानं व्हायचं न्हाई. हितं भाजी विकून आले की दारात उभी राहून मी 'म्हादू' अशी हाक मारते. ओ येत न्हाई. तरीबी मारते.