रंग गेलेलं पाणी

लिंबायतच्या आमच्या जुन्या गल्लीत अजूनही कुणी ना कुणी सांगतं, की डंकीचं पाणी मी चांगलं केलं. डंकी म्हणजे हातपंप. सुरतेत सगळे तसंच म्हणतात. इतकी वर्षं हे ऐकून मी मान खाली घालत आलो आणि लोकांना तो विनय वाटला. ते पाणी मी चांगलं केलं नाही. मी फक्त त्याचा रंग घालवला.

नव्वदच्या दशकात मी उधन्याच्या एका डाईंग मिलमध्ये केमिस्ट होतो. आम्ही सुती आणि रेयॉनचं कापड रंगवायचो आणि उरलेलं रंगीत पाणी खाडीत सोडायचो. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर घासूनपुसून काढलं गेलं, नाल्यांवर नजर आली, तेव्हा शेठनं शेडमागच्या बंद पडलेल्या बोरमध्ये ते पाणी उतरवायला सुरुवात केली. मिलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. काही महिन्यांत ते जमिनीखालून झिरपत गल्लीपर्यंत आलं आणि आमच्या डंकीला गुलाबी पाणी येऊ लागलं.

गल्ली बहुतेक खान्देशी, कुणी लूमवर, कुणी रंगखात्यात. त्यांची पाणी पारखायची रीत मिलमधूनच आलेली. ब्लीच केलेल्या सुती कापडाची पट्टी बादलीत भिजत टाकायची, वाळली की उजेडात धरायची. पट्टी रंगली तर ते पाणी भांड्यांना, प्यायला टँकर. रंगाच्या धंद्यातल्या माणसाचा भरवसा डोळ्यांवर असतो.

डंकीला लागून ज्या बाईचं घर होतं तिला मी वहिनी म्हणे. टँकरच्या रांगेत भांडून, धक्के खाऊन ती पाणी आणायची. एकदा मला दारात अडवून म्हणाली, "भाऊ, तुमनी मिलमा लगीन शे का? आमनी डंकीले रोज कुंकू लावतस." आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. पण ते मला लागलं.

त्याच सुमारास माझा एक वर्गमित्र घरी जेवायला आला होता. तो युरेनियमच्या शोधाच्या कामात होता. जेवताना त्यानं सांगितलं, की जमिनीखाली जिथं हवा पोचत नाही तिथले काही जिवाणू प्राणवायूचं काम युरेनियमवर भागवतात. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन ते त्याला देऊन टाकतात. त्यानं पाण्यात विरघळलेलं युरेनियम अविद्राव्य होतं आणि वाळूच्या कणांवर बसतं. जिवाणूंना खायला घातलं तर हे काम जोरात होईल, असंही तो म्हणाला. मी ताबडतोब विचारलं, मग पाणी शुद्ध होतं का? तो म्हणाला, "युरेनियम नाहीसं होत नाही रे. नुसतं बसतं. हवा लागली की पुन्हा उठतं."

त्याचं हे शेवटचं वाक्य मी सोयीनं विसरलो. शेठला मी एवढंच सांगितलं, की जे जंतू युरेनियम खाली बसवतात त्यांना आपला रंग काय जड? जंतूंना खायला म्हणून साखर कारखान्यातून मळी आणवली आणि रंगीत पाण्याबरोबर बोरमध्ये सोडत राहिलो. आधी डंकीला सडक्या अंड्यांचा वास आला. मग तोही कमी झाला. गुलाबी छटा फिकट होत गेली आणि एक दिवस संपली. शेठ खूश होऊन म्हणाला, "साहेब, तमारा जंतु तो बहु कामना." म्हणजे, तुमचे जंतू तर फार कामाचे निघाले.

खरं असं होतं, की आमचा रंग युरेनियमसारखा खाली बसलाच नव्हता. जिवाणूंनी त्याच्या रेणूचे तुकडे केले होते. तुकड्यांना रंग नसतो, पण ते पाण्याबरोबर पुढे जातात. आम्ही वापरत होतो त्या जातीच्या रंगांचे काही तुकडे मूत्राशयाचा कर्करोग करतात, हे रंगरसायनाच्या अभ्यासात मी स्वतः शिकलो होतो. पट्टीला ते दिसणं शक्य नव्हतं. मला मात्र न बघताही माहीत होतं.

वहिनी पट्टी घेऊन आमच्या दाराशी आली. "दखा भाऊ, आते पांढरीच निंघस." तिला विचारायचं होतं की आता टँकर सोडला तर चालेल का. तिनं विचारलं आणि मी पट्टी उजेडात धरली. उलटसुलट करून पाहिली. पांढरी आहे, म्हणालो. एवढंच म्हणालो, म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली. त्या आठवड्यापासून गल्लीनं टँकरची रांग सोडली.

मग तिनं मला घरी बोलावलं. घासून लख्ख केलेल्या पितळी पेल्यात पाणी पुढे केलं. "हाई तुमनंच पाणी शे, भाऊ. एक घोट ल्या." मी म्हणालो, आत्ताच चहा झालाय. ती पेला हातात धरून थोडी थांबली आणि मग स्वतः प्यायली.

आमच्या घरी त्यानंतरही टँकरचंच पाणी येत राहिलं. बायकोला मी कारण सांगितलं नाही.

वहिनी आजारी पडली तोवर मध्ये बरीच वर्षं गेली होती. मिल बंद झाली होती, मी दुसरीकडे राहायला गेलो होतो. लघवीतून रक्त जायचं. मुलं कामावर, म्हणून इस्पितळात मी सोबत गेलो. तपासण्या बघून डॉक्टरांनी तिला विचारलं, कधी रंगाच्या कारखान्यात काम केलंय का? ती म्हणाली, नाही, आयुष्य घरातच गेलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची पिशवी धरून उभा होतो. तिचा रोग पाण्यातूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. पण डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत फक्त माझ्याकडे होतं.

परतताना आम्ही रिक्षा केली. उधना दरवाजा मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुमी तवय पिनात नही, भाऊ." त्या दिवशी मी पेल्यातलं पाणी प्यायलो नव्हतो, हे तिनं लक्षात ठेवलं होतं.

चहा झाला होता, मी म्हणालो. पुन्हा तेच.

तिनं मान हलवली, आणि वळणावर मी पडू नये म्हणून माझ्या हाताला धरलं.