वैऱ्याच्या क्लबाला मत

आखातातल्या अल अझीझिया वस्तीत आमच्या शेजारी राहणारी ऑस्ट्रेलियन बाई वर्ल्ड कपच्या तयारीकडे बघून नाक मुरडायची. "गोल चेंडूचा कसला फुटबॉल? आमचा चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल, आणि चेंडू हातात घेऊन पळायचं!"

"मग हँडबॉल म्हणा की," मी म्हणायचे.

त्यावर तिच्या उपनगरातल्या दोन क्लबांचा इतिहास सुरू व्हायचा. रुळांच्या अलीकडचा तिचा, पलीकडचा वैऱ्याचा. वैर पणजोबांपासूनचं. पलीकडच्या बेकरीतला पावसुद्धा तिच्या घरात चालत नसे.

यंदा तिच्या क्लबाला संघापुरतीही मुलं मिळेनात. क्लब बंद करायचा की वैऱ्यात विलीन करायचा, यावर सभासदांचं मतदान होतं. तिचं इंटरनेट बंद पडलं, म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात माझं वाय-फाय वापरून फोनवर व्हिडिओ सभेला बसली.

"काय करणार?" मी विचारलं.

"मुलांना खेळायला मिळालं पाहिजे," म्हणाली आणि विलीनीकरणासाठी हात वर केला. ठराव मंजूर झाला.

सामना जिंकल्यावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून क्लबाचं गाणं म्हणायची त्यांची रीत. हरल्यावर ते कुणी म्हणत नाही. ती उठली, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि खणखणीत आवाजात आपल्या क्लबाचं सगळं गाणं म्हणाली.

मला गाण्याचे शब्द येत नव्हते. मी गॅस बंद केला आणि ताठ उभी राहिले.