बुधल्यावरचं नाव

माझी थोरली आत्या पितळी दिव्यांच्या कारखान्यात तेजाबाचं काम करायची. जोडकामानंतर काळे पडलेले भाग पाणी घातलेल्या तेजाबात बुडवायचे, उजळले की धुवायचे. हे तिला आजोबांनी शिकवलं होतं. "आधी पाणी, मग त्यात धार. उलटं केलंस तर तोंडावर उडेल," असं ते रोज बजावायचे.

आजोबा तेजाबाला हिराकशीचं तेल म्हणत. पूर्वी हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, मातीच्या भांड्यात तापवून तो काढत, आणि ओतताना तेलासारखाच संथ पडे. सोन्यातली चांदी वेगळी करायला, नीळ विरघळवायला तो लागे. कापड पांढरं करायला आठवडेच्या आठवडे आंबट ताकात भिजत ठेवावं लागे, ते या तेलाने एका दिवसात होऊ लागलं. आजोबा हे अशा थाटात सांगत, जणू शोध त्यांनीच लावला होता!

आत्याच्याही तोंडी तेच नाव बसलं. काचेच्या बुधल्यावर तिने खडूने 'तेल' एवढंच लिहिलं होतं.

एकदा आत्या रजेवर असताना पॉलिशवाल्या नव्या बाईचं चाक कुरकुरायला लागलं. तिने बुधला पाहिला, चिंधी भिजवली. आत्या दुसऱ्या दिवशी आली तेव्हा ती बाई दवाखान्यात होती. उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली.

मालक म्हणाले, "विचारायचं नाही का कुणाला? असली माणसं नकोत मला."

"वाचता येतं तिला," आत्या म्हणाली. "मी लिहिलेलं वाचलं तिने. काढायचं तर मला काढा."

मालकांनी दोघींनाही ठेवलं. आत्याने रंगाऱ्याकडून प्रत्येक बुधल्यावर लाल अक्षरांत 'तेजाब – जाळतो' असं लिहून घेतलं.

बाईला डाव्या हाताची सवय व्हायला वर्ष गेलं. आत्या जेवणाच्या सुटीत तिच्याजवळ बसून तिचे भाग पुसून द्यायची. एकदा धीर करून म्हणाली, "माझं चुकलं गं."

"माहीत आहे मला," बाई म्हणाली. "तुमच्यावर राग नाही म्हटलं, तर ते खोटं होईल, ताई."

आत्याने मान हलवली आणि पुढचा भाग पुसायला घेतला. बाईने तो तिच्या हातून घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि चाकाला लावला.