बिनलोण्याचा बटाटा

माझ्या नणंदेच्या मते दूध न सोसणारं मूल जन्माला येतच नाही. तसं आलेलं दिसलं, तर काहीतरी आईचं चुकलेलं असतं. माझी मुलगी बालवाडीत जायला लागेपर्यंत हे मी इतक्या वेळा ऐकलं, की ताई येणार असा निरोप आला की माझं डोकं आदल्या दिवशीच दुखायला लागे.

नवरा ताई म्हणायचा म्हणून मीही ताई म्हणत असे. तिचं सासर पंचवटीत. यात्रेकरूंचे विधी सांगण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. बाहेरगावची माणसं येऊन तिच्या नवऱ्याच्या पाया पडत, आणि त्यातले निदान निम्मे नमस्कार आपल्यालाच असतात अशी तिची समजूत झाली होती. तिला कुणी काही विचारत नसे, कारण विचारण्याआधीच ती सांगून मोकळी होई.

आम्ही सिडकोत राहायचो. नवरा अंबडच्या कारखान्यात, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. मी त्र्यंबक नाक्याजवळच्या एका सरकारी कचेरीत. हा नव्वदच्या दशकाचा मधला काळ. एकदा मुलीने शेजारच्यांकडे वाटीभर खीर खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घुसमटायला लागला. त्याआधीही दुधाने तिला ओकाऱ्या व्हायच्या, पण आम्ही त्याला पोट बिघडलं म्हणायचो. डॉक्टरांनी या वेळी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा. काही नाही. चाखायलासुद्धा नाही. मोठी होईल तसं कदाचित कमी होईल."

मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर प्रश्न मिटला. पण नातेवाइकांना डॉक्टर फक्त शेजारणीला सांगण्यापुरता लागतो. "गाईचं देऊन बघ." "शेळीचं बाधत नाही." "पातळ करून दे." "हळद घाल." एका चुलतसासूबाईंनी तर माझ्याच पत्रिकेत काहीतरी शोधून काढलं. या सगळ्यांना एक जिवंत मूल घुसमटताना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता दुधाचा अपमान. जणू मी गोठ्यात जाऊन गाईला शिव्या देऊन आले होते.

खरा प्रश्न रात्रीच्या जेवणाचा होता. संध्याकाळी बसमधून उतरून, मुलीला पाळणाघरातून उचलून घरी यायचं, तोवर ती भुकेने रडवेली झालेली. दहीभात नाही, दूधपोळी नाही, तूप-मीठ-भात नाही. दमलेल्या आईचे सगळे सोपे रस्ते दुधावरून जातात, हे मला तेव्हा कळलं. वरण-भात तेल घालून द्यायचे, तो ती थुंकून टाके.

लग्नात आलेला एक गोल ओव्हन माळ्यावर पडून होता. ॲल्युमिनियमचा, झाकणावर काचेची छोटी खिडकी असलेला. त्या काळी तो प्रत्येक लग्नात यायचा आणि प्रत्येक घरात दोनदा केक करून माळ्यावर जायचा. एका रविवारी मी तो खाली काढला. मोठे बटाटे सालीसकट कुकरमध्ये अर्धवट उकडले, मधोमध कापून आतला गर चमच्याने कोरून काढला. त्या गरात परतलेला कांदा, मोड आलेली मटकी, दाण्याचं कूट, थोडा काळा मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि मूठभर बेदाणे. ते सारण परत बटाट्यांत दाबून भरलं, वरून तेलाचा हात फिरवला आणि ओव्हनमध्ये ठेवले. साल कुरकुरीत झाली, वरचं सारण खरपूस. मुलीने आधी बेदाणे वेचून खाल्ले, मग बटाटा खाल्ला, मग सालही खाल्ली.

मला रडू आलं असतं, पण मी दुसरा बटाटा खाल्ला.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा आमच्याकडे तेच जेवण असे. मटकी आदल्या दिवशी वाफवून ठेवली, की घरी आल्यावर बटाटे कुकरला लावायचे, कपडे बदलायचे, भरायचे, ओव्हनमध्ये टाकायचे. पोळ्या लाटायच्या नाहीत, पोळपाट धुवायचा नाही. शेजारच्या बाई एकदा डोकावून गेल्या आणि "आज नुसता बटाटा? पोळी नाही?" असं विचारलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी कीव होती, जणू आमच्या घरातला शिधाच संपलाय.

ताईला ही बातमी पोचलीच. फोनवर म्हणाली, "अगं, बटाटा काय जेवण आहे? आणि तोही कोरडा? वर लोणी नाही, तूप नाही. पोर वाळून जाईल."

"डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय ताई."

"डॉक्टर काय, उद्या श्वास घेऊ नका म्हणतील."

पावसाळा संपता संपता एका गुरुवारी ती राहायला आली. नवऱ्याची दुसरी पाळी होती. मी घरी पोचले तेव्हा ताईने मुलीला पाळणाघरातून आधीच आणलं होतं आणि मांडीवर घेऊन गोष्ट सांगत होती. त्या क्षणी मला तिच्याबद्दल बरंसुद्धा वाटलं. मी बटाटे भरून ओव्हनमध्ये ठेवले आणि "लिंबं संपलीत, घेऊन येते" म्हणून खाली गेले. परत आले तर ताईने पानं वाढून ठेवलेली. "बस तू, दमली असशील," म्हणाली. इतकी वर्षं तिच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मुलीने अर्धा बटाटा खाल्ला आणि म्हणाली, "आई, आज आत पांढरं आहे."

मी बघेपर्यंत तिने ओठ खाजवायला सुरुवात केली होती. डोळ्यांखाली सूज चढत होती. मग तो आवाज, छातीतून येणारा, शिट्टीसारखा. मी तिला उचललं आणि चप्पल न घालता जिना उतरले. खाली रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने आरशात एकदा पाहिलं आणि पुढे एकाही सिग्नलला थांबला नाही. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "बटाटा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोटं बोलतेय.

ती शांत झोपली, डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, तेव्हा मी तिला घेऊन परत आले. ताई देवापुढे दिवा लावून बसली होती. ताटात उरलेला बटाटा तसाच होता. मी तो उकलला. सारणाच्या खाली, तळाशी, लोण्याचा वितळून परत गोठलेला गोळा. ओट्यावर तिने पंचवटीहून आणलेली स्टीलची डबी.

"हे तुम्ही घातलंत?"

"एवढंसं तर होतं. सवय लागावी म्हणून. घरचं लोणी आहे, विकतचं नाही काही."

"तिचा श्वास बंद होत होता ताई."

"दृष्ट लागली असेल. संध्याकाळी खालच्या बायका तिच्याकडे टक लावून बघत होत्या." मग म्हणाली, "किंवा बटाटाच बाधला. तुझा तो रोजचा बटाटा."

मी ओरडले नाही. ओरडायला समोर कुणीतरी माणूस लागतं. माझ्यासमोर एक डबी घेऊन आलेली समजूत बसली होती. रात्री उशिरा आलेल्या नवऱ्याला सकाळी सांगितलं. तो रात्रपाळी करून आल्यासारखा थकलेला चेहरा करून म्हणाला, "चूक झाली तिची. पण ताईचा हेतू वाईट नव्हता गं."

हेतू! या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. आपल्याकडे कुणाचाच हेतू वाईट नसतो. माणसं मुलांना मारतात, सुना जाळतात, लोणी लपवतात, आणि हेतू मात्र सगळ्यांचे धुतलेले.

मी त्याच्यासमोरच ताईला म्हटलं, "तुमच्याकडे सोवळं असतं. पूजेच्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. बाहेरच्या खोलीत बसून वाढतील ते जेवते. आजपासून माझ्या घरातही तसंच. तुम्ही यायचं, बसायचं, चहा मी आणून देईन. ओट्याला हात लावायचा नाही."

"मला? मला बाहेर बसवणार?"

"हो."

ती भावाकडे बघत राहिली. तो वर्तमानपत्राकडे. मग त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाला, "बरोबर बोलतेय ती." एवढंच. मला वाटतं, लग्नानंतर मला दिलेली ती त्याची एकमेव भेट जी माळ्यावर गेली नाही. ताई दुपारच्या आत निघून गेली आणि सगळ्या नातेवाइकांत मी तिला घरातून हाकललं अशी बातमी पसरली. मी ती कधी खोडली नाही. उलट त्यामुळे सल्ले कमी झाले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात नवरा बटाटे करायला शिकला. मीठ हमखास विसरायचा, पण लोण्याची डबी घेऊन आला नाही कधी.

वर्षं गेली. मुलगी अकरावीत गेली, तिचं वावडं बरंचसं कमी झालं होतं, तरी आम्ही जपूनच असायचो. त्या सुमाराला ताईचा मुलगा परदेशात नोकरी करून वर्ष-दीड वर्षाने परत आला आणि एक दिवस ताईचा फोन आला. मधल्या काळात आमचं बोलणं लग्न-मयतापुरतंच होतं. आवाज एकदम मऊ.

"अगं, ते तुझे बटाटे कसे करायचे गं? भरून भाजायचे ते?"

"का हो?"

"हा आता व्हिगन झालाय. दूध नाही, तूप नाही, काही नाही. तिकडे सगळे शिकलेले लोक असंच खातात म्हणे. तब्येतीला फार चांगलं. तुला सांगते, बिस्किटातसुद्धा दुधाची पावडर असते! आपल्याला काही माहीतच नसतं."

आपल्याला! मी फोन कानापासून जरा लांब धरला. एका पोरीचा श्वास कोंडला तेव्हा हिला दुधाचा अपमान दिसला होता, आणि आता लेक विमानातून उतरून तेच म्हणाला तर ते शास्त्र. मी कृती सांगितली. नीट सांगितली, बेदाण्यांसकट. चुकीची सांगून तिच्या पातळीवर उतरायची मला इच्छा नव्हती.

तिचा मुलगा एकदा आमच्याकडेही आला. वीज गेलेली होती, भारनियमन. म्हणून बटाटे मी जाड तव्यावर झाकण ठेवून केले. त्याने तीन खाल्ले आणि मग आम्हाला गाईंविषयी समजावून सांगितलं. सांगता सांगता माझ्या मुलीकडे वळून म्हणाला, "तू लकी आहेस. जन्मापासूनच व्हिगन."

मुलगी म्हणाली, "दादा, वाढदिवसाला सगळी मुलं केक खायची तेव्हा मी हॉलच्या दाराशी उभी राहायचे. मी काही ठरवलं नव्हतं."

तो हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. "पण बघ ना, मामी किती काळाच्या पुढे होती," असंही म्हणाला. मी ताटं उचलली.

त्याचं हे व्रत दिवाळीपर्यंत टिकलं. ताईने केलेले बेसनाचे लाडू समोर आल्यावर त्याने 'तूप म्हणजे दूध नव्हे' असा शोध लावला, आणि पंचवटीत सगळं पूर्ववत झालं. ताईने लोणी-तुपाचे गुण पुन्हा त्याच आवाजात सांगायला सुरुवात केली. जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

मुलगी पुढे शिकायला पुण्याला गेली. वसतिगृहातून पहिल्यांदा घरी येणार होती तेव्हा मी विचारलं, "काय करू? भरले बटाटे?"

"नको गं आई," ती म्हणाली. "मला बटाटा बघितला तरी कंटाळा येतो. वांग्याचं भरीत कर."

मी खरंच सुटले. मलाही तो बटाटा कधी फारसा आवडला नव्हता.