बॉनेटवरचं कुंकू

काचेच्या कपाटातली ती फिकट निळी फ्रेंच मोटार माझ्या तळहातावर मावते. आज धूळ पुसताना बॉनेटवरचा तांबूस डाग दिसला आणि मला हसू फुटलं.

लग्नानंतरचा पहिला दसरा होता. ह्यांनी हौसेनं आणलेली ही छोटी प्रतिकृती खोक्याबाहेर निघत नसे. मी तेव्हा बावीस वर्षांची, म्हणजे सर्वज्ञ! घरातलं वाहन म्हणून तिला पाटावर मांडलं, ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चाकाच्या तिप्पट. गाडी बिचारी घाटात अडकल्यासारखी तिरकी.

"अगं, ही नुसती बघायची असते!" हे कळवळले.

"पूजा झालीय, आता खरी येईल. आणि चालवीन मी!"

सायकलवर मागे बसतानाही डोळे मिटणारी बाई मी! काही वर्षांनी खरी गाडी आली, पण पुढची चाळीस वर्षं मी शेजारी बसून ह्यांना ब्रेक लावायला सांगत राहिले.

हे अजूनही तो डाग पुसू देत नाहीत. काही बोलणी त्या कुंकवासारखीच असतात, बोलणारी विसरली तरी रंग धरून बसतात. उद्या, अडुसष्टाव्या वर्षी, माझी पक्क्या लायसन्सची परीक्षा आहे. मागच्या खेपेला रिव्हर्स घेताना दोन खांब आडवे केले होते.

"आजी, उद्या चाकाखाली लिंबू ठेवायचं का गं?" नातीनं डोळे मिचकावले.

"ठेव की," मी म्हटलं. "ह्या वेळी चाक लिंबापेक्षा मोठं आहे."